सैल टॉप घालायचाय? आधी तो कुठून लटकतोय ते बघा

माझ्याकडे एक पांढरा पॉपलीनचा टॉप होता, गळ्यापासून चुण्याच चुण्या, बाह्या मनगटाशी मस्त फुगलेल्या, हँगरवर इतका देखणा की ट्रायल न घेताच उचलला. एका कार्यक्रमाला घातला आणि दुसऱ्या दिवशी फोटो आले. समोरून ठीक होते, पण एका फोटोत मी बाजूने उभी होते आणि त्यात मी दिसतच नव्हते, एक तंबू होता आणि त्याच्यावर माझं डोकं. तिघींनी हळूच "गोड बातमी का गं?" विचारलं, एकीने तर विचारलंही नाही, थेट अभिनंदनच केलं.

गंमत म्हणजे तोच टॉप ताईने घातला तर ती अगदी छान दिसली. आमच्या वजनात दोन किलोचाही फरक नाही! मग आम्ही दोघी आरशासमोर आलटून पालटून तो टॉप घालून बघत बसलो आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सैल कपडा अंगाचा जो भाग सगळ्यात पुढे आलेला असेल तिथे जाऊन अडकतो आणि तिथून सरळ खाली पडतो. माझी छाती भरलेली, त्यामुळे तो छातीवर अडकला आणि छातीच्या टोकापासून पोटापर्यंत जी काही मोकळी हवा होती ती सगळी माझं पोट म्हणून मोजली गेली. ताईचे खांदे रुंद आणि छाती कमी, तिच्या अंगावर तो खांद्यावरून खाली आला.

म्हणून मी आता कुठलाही घेरदार टॉप हातात घेतला की दोनच प्रश्न विचारते, हा माझ्या अंगावर कुठून लटकणार आणि कुठे थांबणार. पेअर, ॲपल, अवरग्लास वगैरे अंगाच्या शेपचे जे तक्ते असतात ते उपयोगाचे आहेत, पण या दोन प्रश्नांनंतर. नवीन असाल तर खालच्या क्रमानेच जा, मधलं काही गाळू नका, विशेषतः कापडाचं.

पायरी १: टेप, आरसा आणि फोन

शिवणकामाची टेप घ्या आणि चार मापं लिहून ठेवा. पाठीमागून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, छातीचा घेर सगळ्यात भरलेल्या जागी, कंबर, आणि हिप्सचा घेर सगळ्यात रुंद जागी. कंबर नेमकी कुठे हे बऱ्याच जणींना माहीत नसतं, जीन्सचं बटण लागतं तिला आपण कंबर समजतो. सरळ उभं राहून एका बाजूला वाका, जिथे घडी पडते ती कंबर. आणि मापं घेताना पोट आत ओढू नका, टेपला फसवून काय मिळणार.

मग अंगासरशी बसणारं काहीतरी घालून तीन फोटो काढा, समोरून, बाजूने आणि मागून. फोन छातीच्या उंचीवर कशावर तरी टेकवून ठेवा, टायमर लावा आणि सहा-सात फूट लांब उभ्या राहा. जवळून काढलात तर जे कॅमेऱ्याच्या जवळ असेल ते मोठं दिसतं आणि मग उगाच आपल्याच अंगाबद्दल गैरसमज होतो. समोरच्या फोटोत दोन्ही खांद्यांच्या टोकांपासून सरळ खाली रेघ ओढा. हिप्स रेघेच्या बाहेर गेले तर पेअर शेप, खूप आत राहिले तर उलटा त्रिकोण, साधारण रेघेवर आले आणि कंबर स्पष्ट आत गेली तर अवरग्लास, कंबर फारशी आत जात नसेल तर आयताकृती. बाजूच्या फोटोत पोट छातीच्या बरोबरीने किंवा पुढे असेल तर ॲपल. दोन शेपांच्या मधे कुठेतरी असाल तर टेन्शन घेऊ नका, बहुतेक जणी मधेच असतात, मीही वरून ॲपल आणि पाय मात्र काडीसारखे अशी आहे.

बाजूचा फोटो टाळू नका प्लीज. सैल टॉपचं खरं रूप बाजूनेच कळतं आणि आपण आरशात कायम समोरूनच बघतो.

पायरी २: कापड हातात धरून बघा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते, कारण तोच कट, तीच साईज, नुसतं कापड बदललं की टॉप वेगळाच होतो.

टेस्ट सोपी आहे. टॉपच्या घेराच्या मध्यावर दोन बोटांनी चिमूट धरा आणि तेवढ्यावर तो लटकत सोडा. कापड मिटलेल्या छत्रीसारखं अरुंद होऊन घड्यांमधे खाली पडलं तर ते अंगावरही तसंच पडणार, म्हणजे घेर असूनही फुगणार नाही. शंकूसारखं बाहेर उभं राहिलं तर अंगावरही उभं राहणार. व्हिस्कोस, मोडाल, क्रेप, जॉर्जेट ही पडणारी कापडं. पॉपलीन, ऑर्गंझा, डेनिम, कडक सुती ही उभी राहणारी. लिनन नवं असताना ताठ असतं आणि धुऊन धुऊन मऊ होतं, त्यामुळे लिननचा शर्ट पहिल्याच दिवशी नापास करू नका.

पातळ म्हणजे मऊ असं धरून चालू नका हं. ऑर्गंझा आरपार दिसेल इतका पातळ असतो तरी ताठच्या ताठ. ऑनलाइन घेताना जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, त्यावरून जाड-पातळ कळतं पण पडेल की फुगेल हे नाही कळत. त्यासाठी कापडाचं नाव वाचा आणि मॉडेलचा बाजूने काढलेला फोटो शोधा. तो दिलाच नसेल तर मी सरळ पुढे जाते.

ताठ कापड वाईट असं अजिबात नाही. ज्यांना अंगावर आकार नाही असं वाटतं त्यांना ते आकार उसना देतं. पण जिथे आधीच भरलेपण आहे तिथे ताठ कापडाच्या चुण्या म्हणजे आगीत तेल.

पायरी ३: खांदा आणि साईज

"सैल हवाय म्हणून दोन साईज मोठा घेतला" हा सगळ्यांचाच पहिला घोटाळा. दोन साईज मोठा घेतला की घेर वाढतो, ठीक, पण गळाही वाढतो, मुंढाही (बाही जिथे जोडतात ती काखेजवळची गोलाई) खाली उतरतो, बाह्याही लांबतात आणि मग ते सैल न दिसता मोठ्या बहिणीचं घातल्यासारखं दिसतं. मुद्दाम सैल शिवलेल्या टॉपमधे ढगळपणा आधीच मोजून टाकलेला असतो. शिवणाऱ्यांच्या हिशोबात टॉपचा छातीचा घेर अंगाच्या मापापेक्षा साधारण ५ ते ८ इंच जास्त असेल तर तो सैल, ८ च्या पुढे गेला तर फारच सैल. म्हणजे छाती ३६ असेल तर टॉप ४१ ते ४४ इंच. टॉप सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, उत्तर मिळालं. साईज चार्टमधे अंगाचं माप दिलंय की कपड्याचं ते बघून घ्या, इथे खूप जणी फसतात.

माझा नियम असा की घेर हवा तेवढा असू दे पण एक जागा अंगाला धरून हवी. बहुतेक वेळा ती खांदा असते. १९५८ साली यव्ह सां लोराँ या फ्रेंच डिझायनरने दियोर या फॅशन हाऊससाठी ट्रॅपीझ लाइन आणली, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. त्या ड्रेसमधे कंबर नावालाही नाही, खालपर्यंत नुसता घेर वाढत जातो, पण खांदे बघाल तर नीट अरुंद बसवलेले. वर पक्कं धरलेलं असलं की खालचा घेर डौलात पडतो.

मग ड्रॉप शोल्डरचं काय? तो मुद्दामच खांद्याच्या खाली उतरवलेला असतो, तिथे गळा बघायचा. गळा नीट बसलाय, कॉलर मागे सरकत नाहीये, तर चालेल. खांदाही उतरलाय आणि गळाही घसरतोय, सारखा पुढे ओढावा लागतोय, तर तो टॉप मोठाच आहे.

पायरी ४: कुठे थांबतो

टॉपची खालची कड म्हणजे अंगावर आडवी ओढलेली रेघ. ती जिथे येते तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. त्यामुळे साधं सूत्र, जो भाग रुंद आहे त्याच्या बरोबर वर ती रेघ येऊ द्यायची नाही. दोन इंच वर चालेल, तीन-चार इंच खाली चालेल, नेमकी तिथे नको.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. समजा उंची ५ फूट २ इंच आहे, तर गळ्याजवळच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत साधारण ५३ इंच भरतात. टॉप २६-२७ इंचाचा असेल तर तो तुम्हाला बरोब्बर मधोमध कापतो, अर्धी तू अर्धी मी, आणि मग माणूस बुटका दिसतो. त्याऐवजी टॉप १८ इंचांच्या आसपास, म्हणजे कंबरेच्या जरा खाली संपला तर वर एक भाग आणि खाली दोन भाग असं होतं आणि पाय लांब वाटतात. उलटही चालतं, टॉप लांबलचक मांडीपर्यंत आणि खाली एक भाग अरुंद पॅन्ट. मधलं अंतर तेवढं टाळा. अर्थात सगळे टॉप कापत बसायची गरज नाही, टॉप पॅन्टमधे खोचणं म्हणजे तात्पुरती लांबी कमी करणंच आहे, त्याबद्दल पुढे.

बाह्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. हात खाली सोडून उभ्या राहा आणि आरशात बघा, कोपर कंबरेच्या आसपास येतं आणि मनगट हिप्सच्या आसपास. म्हणजे मनगटाशी फुगलेली बाही तिचा सगळा फुगवटा हिप्सच्या शेजारी नेऊन ठेवते! आणि दंडावर संपणारी पफ बाही छातीच्या रेघेत येते. हे एकदा डोळ्यांना दिसलं की बाही निवडणं सोपं होतं, फुगवटा ज्या पातळीला येतोय तिथे रुंदी हवीय की नको एवढंच ठरवायचं.

पायरी ५: आता शेप

पेअर शेप. खांदे-छाती लहान, खाली भरलेलं. तुम्हाला सैल टॉप सगळ्यात जास्त साथ देतात, फक्त घेर वर हवा. पफ बाही, खांद्यावर चुण्या, बोट नेक (खांद्यांकडे आडवा पसरलेला गळा), रुंद कॉलर, वर फिका रंग किंवा प्रिंट, हे सगळं मनसोक्त घाला. टॉप हिप्सच्या हाडाशी संपू द्या किंवा कंबरेत खोचा. टाळायचं काय तर कडेला इलॅस्टिक असलेले फुगे टॉप, कारण ते इलॅस्टिक नेमकं हिप्सवर जाऊन बसतं आणि त्याच्यावर कापडाचा टायर तयार होतो. मनगटाशी फुगणारी बाही असेल तर ती कोपराच्या खालपर्यंत वर सरकवून ठेवा. आणि हिप्स लपवायला म्हणून गुडघ्यापर्यंतचा तंबू घालू नका, हिप्स दिसत नाहीत हे खरं पण मग वरची नाजूक कंबरही जाते आणि बघणारा धरून चालतो की आतून सगळंच हिप्सएवढं रुंद असेल.

भरलेली छाती. हा शेपच्या तक्त्यात नसतो पण माझ्या मते सैल टॉपच्या बाबतीत सगळ्यात अवघड प्रश्न हाच. कापड छातीवर अडकून तंबू होतो हे वर सांगितलंच. यावर उपाय तीन. एक, पडणारं कापड, म्हणजे ते छातीवरून उतरून परत आत वळतं. दोन, टक्स (आकार द्यायला कापडाला घातलेल्या निमुळत्या शिवलेल्या घड्या) असलेला टॉप, बाजूच्या शिवणीतून छातीकडे येणारा एक साधा टक सुद्धा किती फरक करतो ते घालून बघाल तेव्हाच कळेल, घेर तसाच राहतो पण पुढची कड वर उचलली जात नाही. ही कड उचललेली दिसणं हीच खूण बरं का, टॉप पुढून आखूड आणि मागून लांब वाटत असेल आणि तो तसा शिवलेला नसेल तर छातीने कापड खाल्लंय. तीन, व्ही गळा किंवा शर्टची वरची दोन बटणं उघडी, म्हणजे छातीवरचा तो कापडाचा अखंड पडदा मधे फाटतो. गळ्यापासून सुरू होणाऱ्या चुण्या, छातीवर झालर, छातीवर खिसे नकोत. आणि ब्रा बरोबर मापाची हवी, पट्टे ढिले पडलेली नको, कारण छाती जिथे असेल तिथूनच कापड लटकणार, ती दीड-दोन इंच वर उचलली गेली की मधे कंबर दिसायला जागा मिळते.

ॲपल. पोट आणि मधला भाग भरलेला, पाय सहसा सडपातळ. इथे सगळ्यांचा सल्ला असतो की छातीखाली कट असलेला एम्पायर टॉप घ्या, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यात चुण्या असतील तर अजिबात घेऊ नका, गोड बातमीचे प्रश्न तिथूनच सुरू होतात. छातीखाली कट असेल तर त्याच्या खालचं कापड पुढून सपाट हवं, घेर बाजूंना किंवा मागे. त्यापेक्षाही बरं म्हणजे आत साधा गडद टॉप आणि वर सैल शर्ट पूर्ण उघडा. शर्टच्या दोन उभ्या कडा खाली येतात, मधे एक अरुंद पट्टी दिसते आणि नजर त्या पट्टीतच राहते. शर्टची कड पोटाच्या सगळ्यात पुढच्या भागाच्या खाली उतरू द्या, बाजूला चिरा असतील तर उत्तम. बाकी जे बारीक आहे ते दाखवा, मनगटं, पोटऱ्या, गळ्याचं हाड. बाह्या दुमडून मनगट मोकळं केलं की सैलपणा आपण निवडलाय असं वाटतं, लपायला घातलाय असं नाही वाटत.

उलटा त्रिकोण. खांदे रुंद, खाली अरुंद. पफ बाही सोडून द्या, आडवा बोट नेकही सोडून द्या. रॅगलन बाही शोधा, तिची शिवण गळ्यापासून काखेकडे तिरकी जाते त्यामुळे खांद्याचं टोक कुठे ते कळत नाही. बॅटविंगही (काखेत खूप सैल, वटवाघळाच्या पंखासारखी बाही) याच कारणाने चांगला. घेर खाली हवा, म्हणून खाली फाकणारा ए-लाइन टॉप, कंबरेखाली झालर असलेला पेप्लम, आणि पॅन्ट रुंद. ताईचा शेप हाच आहे, तरी तिला माझा टॉप चालला कारण त्याच्या खांद्यावर फुगवटा नव्हता आणि मनगटाच्या फुग्यांनी तिच्या अरुंद हिप्सना रुंदी दिली. माझी चूक तिच्यासाठी वरदान, बहिणींचं असंच असतं.

आयताकृतीला फार काही सांगायची गरज नाही, बॉक्सी, म्हणजे खोक्यासारखे सरळ टॉप तुमच्यासाठीच बनलेत, ताठ पॉपलीनही घाला, ऑर्गंझाही घाला. कंबर हवी असेल तर बेल्ट लावा किंवा टॉप खोचा, नको असेल तर तसंच सरळ.

अवरग्लासला सैल टॉपमधे एकच नुकसान, कंबर गायब होते. कापड पुढून छातीवरून आणि मागून हिप्सवरून पडतं आणि मधला खोलगट भाग झाकला जातो. रॅप टॉप (पुढून एकावर एक घेऊन कंबरेशी बांधायचा), बाजूला गाठ, पूर्ण खोचणं, यातलं काहीही एक करा. मऊ कापड घ्या. झालं.

उंची कमी असेल तर शेप कुठलाही असो, घेर थोडा कमी ठेवा आणि टॉप-पॅन्ट एकाच रंगाच्या छटेत घ्या म्हणजे मधे रेघ पडत नाही. एवढ्याशा अंगावर पानाएवढी फुलं असलेली प्रिंट असेल तर आधी फुलं दिसतात, मग आपण.

आणि पट्ट्यांचं ते जुनं वाक्य, आडव्या पट्ट्या जाड दाखवतात, ते डोक्यातून काढून टाका. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मधेच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच वाटतो आणि उभ्या रेघांचा रुंद. २०११ मधे यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्पसननी कपड्यांवर हेच तपासलं आणि आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो असं काही निघालं नाही. तेव्हा पट्ट्यांचा सैल टीशर्ट आवडत असेल तर बिनधास्त घाला, फक्त एक जाड पट्टी नेमकी पोटावर येत नाही ना तेवढं बघा.

पायरी ६: खोचायच्या पद्धती

नुसता पुढून थोडा खोचायचा म्हणतात पण करायला गेलं की एक ओबडधोबड गोळा तयार होतो. मी असं करते. आधी टॉप पूर्ण सगळीकडून आत खोचते, पॅन्टचं बटण लावते. मग दोन्ही हात वर करून एकदा आळस देते, त्याने कापड जेवढं वर यायचं तेवढं सगळीकडे सारखं येतं. आता मागची आणि बाजूची कड बाहेर ओढायची, पुढे फक्त चार बोटं रुंदीचा भाग आत ठेवायचा. तो भाग बरोबर मधे न ठेवता बटणाच्या थोडा बाजूला ठेवला तर पोट असणाऱ्यांना जास्त चांगलं, कारण मधला गोळा नेमका पोटावर येत नाही आणि कड तिरकी पडते.

शर्ट असेल तर बटणपट्टीची एकच बाजू आत आणि दुसरी बाहेर. कापड फार असेल तर बाजूच्या शिवणीशी जास्तीचं कापड चिमटीत धरून मागे दुमडा, दोन्हीकडे सारखं, आणि मग खोचा, पुढून एकदम सपाट दिसतं.

लांब टॉप कापायचा नाहीये आणि खोचायचाही नाही, तर एक इंच रुंद इलॅस्टिकची गोल पट्टी करा, टॉपवरून कंबरेखाली चढवा, आणि कापड वर ओढून तिच्यावर सोडा. इलॅस्टिक झाकलं जातं, टॉप पाहिजे तिथे थांबतो. पट्टी घट्ट नको, नाहीतर बसल्यावर वळ उठतात. मी हे घरातल्या एका जुन्या पॅन्टचं इलॅस्टिक काढून केलं, चार वर्षं तेच वापरतेय.

गाठ मारणार असाल तर कडेला मारा, आणि फक्त मऊ कापडाला. पॉपलीनची गाठ म्हणजे मुठीएवढा गोळा.

पायरी ७: खाली काय घालायचं

वर घेर तर खाली अरुंद, हे नवीन माणसासाठी सगळ्यात सेफ. स्ट्रेट जीन्स, सिगारेट पॅन्ट, पेन्सिल स्कर्ट. वरही घेर आणि खालीही घेर करायचा असेल तर मधे कंबर दिसलीच पाहिजे, म्हणजे टॉप पूर्ण आत आणि पॅन्ट हाय वेस्ट. एकदम घट्ट लेगिंगवर फार मोठा टॉप मात्र मला स्वतःला आवडत नाही, काडीवर फुगा लावल्यासारखं होतं, थोडी सरळ पडणारी पॅन्ट बरी. पॅन्टचा खालचा काठ आणि चप्पल-बूट यांच्यामधे घोटा दिसला की वरचं वजन एकदम हलकं वाटतं.

आत पातळ टॉपखाली कॅमिसोल घालताना तो अंगाच्या रंगाचा घ्या, पांढऱ्या टॉपखाली पांढरा कॅमिसोल उलट जास्त दिसतो.

पायरी ८: कपाटातले चुकलेले टॉप

फेकू नका. आधी धुवा, कारण सुती आणि व्हिस्कोस पहिल्या धुण्यात आखडतात आणि आधी कापलात तर मग आखूड व्हायची भीती. मग टॉप उलटा करून घाला, आरशासमोर उभ्या राहा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे मागे कंबरेशी लावा, एका बाजूला एक दुसऱ्या बाजूला एक. पुढून काय फरक पडला ते बघा, पडला असेल तर तेच टेलरला दाखवा. मागच्या बाजूला फक्त आठ-दहा इंच इलॅस्टिक टाकून घेतलं की पुढचा घेर तसाच सैल राहतो आणि बाजूने बघितलं तर पाठीचा आकार परत येतो. उंची कमी करणं, बाजूला तीन-चार इंचांच्या चिरा देणं, बाहीचा कफ वर घेणं ही सगळी सोपी कामं. खांदा आणि मुंढा उसवून परत बसवणं मात्र किचकट काम आहे, म्हणून घेतानाच खांदा बघा असं मी एवढं ओरडून सांगतेय. टॉप थोडा उसवून सैल करायचा असेल तर आत शिवणीला माया (शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड) किती सोडलीय ते आधी बघा, तयार कपड्यांत ती बऱ्याचदा नावापुरती असते.

ट्रायल रूममधून बाहेर यायच्या आधी तीन गोष्टी. दोन्ही हात वर करा, पोट उघडं पडतंय का आणि हात खाली आणल्यावर टॉप आपोआप जागेवर येतो का. मग खाली बसा, बसल्यावर पुढचं कापड मांडीवर ढिगासारखं गोळा होतंय का ते बघा, आपण दिवसाचा अर्धा वेळ बसलेल्याच असतो. आणि बाजूने एक फोटो.

तो पांढरा टॉप मी शेवटी टेलरकडे नेला. मागे इलॅस्टिक, बाजूला चिरा, मनगटाचे फुगे काढून साध्या बाह्या, आणि छातीकडे एकेक टक. आता तो माझ्या अंगावर खांद्यावरून पडतो. परवा ताई आली होती, कपाटात तो बघितला, घालून आरशात उभी राहिली आणि म्हणाली, "काय गं, चांगल्या टॉपची वाट लावलीस!"